राजकुमारचे दोन थेंब

१२ फेब्रुवारी २०२५

नवी वही सुरू केली. आधीच्या अकरा वह्या घड्याळांच्या. ही टॅटू मशीनची.

आता शहरातल्या सहा टॅटूवाल्यांच्या मशिनी माझ्याकडं येतात. सुरुवात मेघानं केली. निराला बाजारात वरच्या मजल्यावर तिचं दुकान आहे. डिसेंबरात मशीन घेऊन औरंगपुऱ्यात माझ्या गाळ्यापुढं उभी राहिली. ‘काका, पुण्याला पाठवलं की तीन आठवडे जातात. तुम्ही बघता का?’ मी तोवर असलं यंत्र हातातसुद्धा धरलेलं नव्हतं. तिला ते सांगितलं नाही. डोळ्याला भिंग लावलं आणि उघडलं. आत अंगठ्याएवढी मोटर, तिच्या दांडीवर जरा तिरकी बसवलेली चकती. मोटर फिरली की चकती सुईला वर-खाली ढकलते, मिनिटाला सात-आठ हजार वेळा. घड्याळाचं चक्र तासाला अठरा हजार झोके घेतं. म्हणजे हे जवळपास पंचवीसपट वेगाचं. पण जात तीच. आठवी नापास माणसानं डिक्शनरी मांडीवर घेऊन इंग्रजी कॅटलॉग वाचले आणि दोन महिन्यांत हे काम बसवलं, याची नोंद कुठंतरी असावी म्हणून इथं करतो.

आता प्रश्न एकच उरला आहे. तेल कोणतं?

जो तो मनाला येईल ते घालतो. प्रणय म्हणून एक टॅटूवाला आहे, तो गिऱ्हाइकाच्या कातडीला लावायचं व्हॅसलीन बोटावर घेतो आणि तेच चकतीला फासतो. माझ्या शेजारचा राजकुमार म्हणतो, ‘शिलाई मशीनचं तेल टाक दोन थेंब नि गप बस.’ राजकुमार आणि मी एकवीस वर्षं एका शटरखाली आहोत. डावीकडं माझी घड्याळं, उजवीकडं तो शिलाई मशिनी दुरुस्त करतो. हात चांगला आहे त्याचा, पण सगळं अंदाजावर. दोन थेंब म्हणजे किती? कुणाचा थेंब?

माझी पद्धत ठरलेली आहे. पूर्ण खोलायचं, प्रत्येक भाग पेट्रोलमध्ये धुवायचा, ब्रश मारायचा, वाळवायचा, मगच तेल. न धुता तेल घालणं म्हणजे खरकट्या ताटात वाढणं.

४ मार्च

मेघाच्या मशीनची पूर्ण सर्व्हिस. मोटरची दोन्ही टोकं पेट्रोलमध्ये वीस मिनिटं ठेवली. दांडी ज्या पितळी कडीत फिरते तिला बुश म्हणतात. ती अशी लख्ख निघाली की भिंगातून तिच्यात माझा डोळा दिसला. मग घड्याळाचं तेल, प्रत्येक टोकाला सुईच्या अग्रावर मावेल एवढंच.

राजकुमार मान वाकडी करून बघत होता. ‘लेकराला न्हाऊ घालावं तसं करायलास की. आरं, फडक्यानं पुसलं तर नाय का चालत?’

‘तुझ्या मशिनी गोधड्या शिवतात,’ मी म्हणालो. ‘हे माणसाच्या अंगावर चालतं.’

‘माझ्याबी माणसाच्या अंगावरचंच शिवतेत,’ तो म्हणाला, आणि समोरचा बन्सी चहावाला इतका हसला की किटली हिंदकळली.

२७ मार्च

भाच्याच्या लग्नाला सिल्लोडला गेलो होतो. तीन दिवस. परत आलो तर राजकुमार सांगतो, मेघा येऊन गेली, मशीन किरकिर करत होतं, तिला घाई होती. मग ह्यानं न खोलता, वरून पुसून, शिलाई मशीनचं तेल घातलं.

‘दोन थेंब,’ तो म्हणाला. ‘एकदम लोण्यासारखं चाललं बघ.’

 घरी अंबिकाला म्हणालो, माझ्या कामात हात घातला त्यानं. ती म्हणाली, ‘तुम्ही नव्हता म्हणून घातला की. पोरगी रिकामी गेली असती तर चाललं असतं का?’ बायकोला यंत्रातलं काय कळतं, असं म्हणणार होतो, पण तेवढ्यात ती स्वयंपाकघरात गेली.

११ एप्रिल

जे व्हायचं तेच झालं. मेघाचं मशीन बंद पडलं, तेही भर कामात. एका मुलाच्या दंडावर बाबासाहेबांची सही काढत होती. निम्मी सही झाली आणि सुई थांबली. जुन्या मशीनवर तिनं कशीबशी पुरी केली, पण म्हणाली, मधे रेघ जाड झाली. चौदा एप्रिलच्या आधीचा आठवडा, वर्षातली तिची सगळ्यात मोठी गर्दी. आज आणि उद्याची सगळी माणसं तिला परत पाठवावी लागली.

मशीन उघडलं. बुशमध्ये काळा चिखल, दांडी घट्ट. वास घेतला. शिलाई मशीनचं तेल.

१२ एप्रिल

सकाळी अकराला बन्सीच्या ठेल्यावर पाच-सहा जण होते. प्रणय होता, दोन शिंपी होते. मी मोटर रुमालावर ठेवली आणि राजकुमारला हाक मारली.

‘ये. तू केलेलं काम बघ.’

त्यानं विचारलं, ‘खरंच तेलानं झालं का रं?’

‘डोळ्यानं बघ.’ माझं भिंग त्याच्या हातात दिलं.

तो बराच वेळ बघत होता. भिंग धरायची सवय नाही त्याला, एक डोळा मिटताना तोंड उघडं पडतं. मग म्हणाला, ‘व्हय. काळं झालंय.’

‘अंदाजानं कामं करणाऱ्यानं गोधड्याच शिवाव्यात,’ मी सगळ्यांसमोर म्हणालो. या वेळी बन्सी हसला नाही.

दुपारी टॅटूवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली. तीन वेळा वाचून, शुद्धलेखन तपासून. ‘शिलाई मशीनचं तेल मोटरमध्ये घालू नये. ते उष्णतेनं जळून चिकटतं. या कारणानं एक मशीन जाम झालं आहे. अनधिकृत हाताकडून सर्व्हिस करून घेऊ नये. – मुंजाबा, सूक्ष्म यंत्र दुरुस्ती, औरंगपुरा.’ राजकुमारचं नाव मुद्दाम घातलं नाही. माणुसकी म्हणून.

१४ एप्रिल

दरवर्षी जयंतीच्या संध्याकाळी राजकुमार मला ओढत भडकल गेटला नेतो, त्याच्या वस्तीतल्या पोरांच्या लेझीमपुढं उभं करतो, कुणाला तरी सांगतो, ‘हे आमचे मुंजाभाऊ, ह्यांना इंग्रजी वाचता येतंय.’ या वर्षी आला नाही. शटर मी एकट्यानं ओढलं.

२९ एप्रिल

राजकुमार रुसलाय. पन्नाशीचा माणूस, पण रुसवा पोरासारखा. काल एक बाई शिलाई मशीन घेऊन आली, आवाज येतो म्हणाली. त्यानं हात लावून पाहिला, चाक एकदा फिरवलं आणि म्हणाला, ‘गुलमंडीला दाखवा, तिथं चांगला माणूस आहे.’ मी ऐकत होतो. साधं तेल मागत होतं ते मशीन. मला ऐकवण्यासाठीच हे चाललंय. आज आणखी दोन गिऱ्हाइकं अशीच लावून दिली.

 मी का बोलावं?

६ मे

राजकुमार त्याचं सामान घेऊन गेला. टेम्पोवाला आणि तो, दोघंच. मी एका मनगटी घड्याळाचं काटाचक्र बसवत होतो, तेव्हा मान वर करता आली नाही. जाताना म्हणाला, ‘येतो, मुंजाभाऊ.’

मी ‘हं’ म्हणालो. काटाचक्र पुढंही अर्धा तास बसेना.

बरंच झालं. जागा झाली. आता तेलाचा शोध शिस्तीनं लावता येईल.

१७ मे

एकाच बनावटीच्या जुन्या मोटरी गोळा केल्या. चार मोटरी, चार तेलं. सगळ्या एकसारख्या पेट्रोलमध्ये वीस मिनिटं धुतल्या, म्हणजे परीक्षा न्यायाची. घड्याळाचं तेल नऊ तासांत किरकिरलं. पातळ सिलिकॉन अकरा तास. पांढरं ग्रीस चौदा, पण मोटर गरम. आयात केलेलं महागडं तेल, ज्याच्या बाटलीवर पानभर दावे लिहिलेत, ते दहा तास.

काही समजत नाही. बेचाळीस डिग्री ऊन आहे, गाळ्याला पत्रा आहे, उष्णतेचा परिणाम असावा.

२१ मे

शिलाई मशीनचं तेल किती वाईट आहे हेही आकड्यात असावं, म्हणून पाचवी मोटर घेतली. पेट्रोलची बाटली संपली होती. या तेलासाठी पंपावर जायचा कंटाळा केला. न धुता, वरून फडक्यानं पुसून, दोन थेंब घातले आणि सकाळी दहाला चालू केली. फार तर चार-पाच तास चालेल.

२३ मे

अजून चालू आहे. पन्नास तास झाले. बोट लावलं तर जेमतेम कोमट.

एखादी मोटर नशिबानं चांगली निघते. पेट्रोल आणलंय. सहावी मोटर नियमानं धुऊन, तेच शिलाई मशीनचं तेल घालून लावली.

२४ मे

सहावी अकरा तासांत किरकिरली. पाचवी चालूच आहे.

तेल तेच. मोटरची बनावट तीच. थेंब तेवढेच.

वही पुढं घेऊन बसलो. मी रकाने आखतो. तारीख, मोटर, तेल, धुण्याचा वेळ, चाललेले तास. धुण्याच्या रकान्यात सगळीकडं ‘वीस मिनिटं’ आहे. एकाच ओळीत ‘नाही’ आहे.

मग एक गोष्ट केली. एका जुन्या मोटरची न धुतलेली बुश काढली, एक धुतलेली काढली. दोन्ही पांढऱ्या कागदावर ठेवून दारातल्या पायरीवर उन्हात ठेवल्या. अर्ध्या तासानं न धुतलेली उचलली तर तिच्याखाली कागदावर तेलाचं गोल वळं उमटलं होतं. कोरड्या धातूला घाम फुटावा तसं. धुतलेलीच्या खाली कागद कोरा.

ती बुश भरीव नसतेच. स्पंजासारखी असते आतून. कारखान्यातच तेल पाजून काढलेली. दांडी फिरली, बुश गरम झाली की आपलं आपण तेल सोडते, थंड झाली की परत ओढून घेते. वर्षानुवर्षं. आपण वरून फक्त पुसायचं आणि थोडी भर घालायची. घड्याळात असलं काही नसतं, तिथं धुतल्याशिवाय तेल घालणं पाप. मी बुशच्या पोटातलं तेल पेट्रोलनं काढून घेत होतो आणि कोरड्या तोंडाला सुईच्या टोकानं पाणी दाखवत होतो.

म्हणजे मेघाचं मशीन चार मार्चलाच मेलं होतं. काळा चिखल तेलाचा नव्हता, कोरड्या झिजलेल्या बुशचा भुगा होता तो. राजकुमारच्या दोन थेंबांनी ते पंधरा दिवस जास्त जगलं.

डिसेंबरपासून मी सतरा मशिनी धुतल्या आहेत.

२६ मे

मुकुंदवाडीला राजकुमारच्या घरी जायचं ठरवलं होतं. ऊन फार आहे.

३० मे

आज जाणार होतो. आधी सतरा मशिनींची सोय लावणं जास्त गरजेचं, असं वाटलं. कोमट तेलात बुश दिवसभर बुडवून ठेवली की तेल पुन्हा आत शिरतं. तासन्‌तास बारीक बुडबुडे येत राहतात. एकेक येतो, वर जातो, फुटतो. मी ते बघत बसलो होतो. एवढं बघण्यासारखं त्यात काही नाही.

खरं लिहायचं तर मला जायचं नाही. वहीत खोटं लिहीत नाही म्हणून हे लिहिलं.

३ जून

आधी मेघाकडं गेलो. ते सोपं वाटलं. सगळं सांगितलं, पेट्रोल, बुश, कागदावरचं वळं. ती हातातले मोजे काढून ऐकत होती.

‘म्हणजे राजकुमारकाकांची चूक नव्हती?’

‘नव्हती.’

‘काका, ते तेरा एप्रिलला इथं आले होते. त्यांच्या घरात जयंतीची केवढी गडबड असेल, तरी आले. हात जोडले मला. म्हणाले, ताई, माझ्या हातानं तुमचं नुकसान झालं, मुंजाभाऊनं भिंगातून दाखवलं मला.’ तिनं मोजे टेबलावर ठेवले. ‘मी म्हटलं, असू द्या काका, होतं कधी कधी. मला काय माहीत? मला वाटलं, खरंच त्यांची चूक आहे.’

मला वाटत होतं तो रुसलाय.

८ जून, रविवार

गेलो. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं त्याचं घर. दारातूनच शिलाई मशीनचा आवाज आला. सरिता वहिनी ब्लाउज शिवतात. आवाज कोरडा होता, लांबूनच ओळखू येईल इतका. शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्याच्या घरात असा आवाज.

‘या भाऊजी,’ वहिनी म्हणाल्या. बोलणं नेहमीचंच, पण पायडल मारत त्या शिवतच राहिल्या. ‘लई दिवसांनी वाट सापडली.’

राजकुमार बाजेवर बसला होता. एका मंगल कार्यालयात गेटवर उभा राहतो आता. लग्नं असली की रोज, नसली की घरी. अंगात तिथला निळा शर्ट होता.

मी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. उभ्यानंच. कागद नेला होता, तो दाखवला. त्यावर वळं अजून दिसत होतं.

त्यानं कागद उजेडात धरला. ‘बुश तेल पितीय,’ तो म्हणाला. ‘हे मला ठाव नव्हतं.’

‘मलाही नव्हतं. पण तुझा हात बरोबर होता. पुसायचं आणि दोन थेंब. तू म्हणत होतास तेच.’

वहिनींचं मशीन थांबलं. ‘बघा,’ त्या म्हणाल्या. ‘दोन महिने झाले, घरच्या मशीनला तेल घालीनात. म्हणतेत, माझा हात बरोबर नाय. गुलमंडीचा माणूस बोलावते मी, भाऊजी. नवरा मेकॅनिक नि मी मेकॅनिक बोलावते.’

‘तू गप,’ राजकुमार म्हणाला. मग मला म्हणाला, ‘बस की. उभा का?’

मी बसलो. म्हणालो, ‘परत ये. जागा तशीच आहे. मी सगळ्यांना सांगतो, ग्रुपवर लिहितो, बन्सीच्या ठेल्यावर उभा राहून सांगतो की चूक माझी होती. तू बरोबर होतास, राजकुमार. मी आकड्यांत सिद्ध केलंय.’

तो हसला. चिडून नाही, नेहमीचंच हसला. ते जास्त लागलं.

‘मुंजाभाऊ, तू म्हणलास माझं चुकलं, मी म्हणलं चुकलं असंल. मुंजाभाऊ वाचतो, मोजतो, त्याला दिसतंय. आता तू म्हणायलास माझं बरोबर होतं. मी म्हणायचं बरोबर असंल.’ कागद त्यानं घडी घालून मला परत दिला. ‘मग माझं मी कवा म्हणायचं रं?’

माझ्याकडं फक्त आकडे होते.

वहिनींनी चहा दिला. निघताना तेलाची बाटली मशीनच्या टेबलाखाली दिसली, बुचावर धूळ. हात पुढं गेला होता माझा. मागं घेतला. त्या घरात ते मशीन बरं करणारा मी नव्हे.

१० जून

ग्रुपवर लिहिलं. या वेळी एकदाच वाचलं. ‘१२ एप्रिलची माझी सूचना चुकीची होती. मशीन तेलानं जाम झालं नव्हतं, मी पेट्रोलमध्ये धुतल्यानं झालं होतं. राजकुमार यांनी केलेलं काम बरोबर होतं. मी त्यांना सगळ्यांसमोर चुकीचं ठरवलं, त्याची मला लाज वाटते. ज्यांच्या मशिनी मी धुतल्या त्यांनी आणून द्याव्यात.’ शेवटी ‘सूक्ष्म यंत्र दुरुस्ती’ असं लिहिलं नाही, नुसतं नाव लिहिलं.

प्रणयनं अंगठा पाठवला. मग लिहिलं, ‘मतलब व्हॅसलीन ठीक है ना काका?’

बन्सीच्या ठेल्यावरही सांगितलं. तो कप विसळत होता. म्हणाला, ‘इथं एप्रिलात जे होते त्यातलं कोण आहे आता? मी एकटा. मला तर तवाच पटलं नव्हतं.’

‘मग बोलला का नाहीस?’

‘तुमच्यापुढं?’ बन्सी म्हणाला.

२१ जून

सतरांपैकी चौदा मशिनी परत आल्या, दुरुस्त करून दिल्या. तीन आल्या नाहीत. मालकांनी नव्या घेतल्या असाव्यात.

दुपारी मेघा आली. माझ्याकडून सगळं ऐकलं होतं, म्हणून ती काल मुकुंदवाडीला राजकुमारकडं जाऊन आली. दुसरं एक मशीन नेलं होतं, मी कधीच हात न लावलेलं. राजकुमारला म्हणाली, काका, आवाज बदललाय का बघा.

‘घेतच नव्हते हातात,’ ती म्हणाली. ‘सरिताकाकू ओरडल्या तेव्हा घेतलं. चालू केलं, कानाशी धरलं, डोळे मिटले. बोट ठेवलं मोटरवर. मग फडक्यानं पुसलं आणि म्हणाले, ह्याला काय बी झालेलं नाय. तेलबी नको सध्या.’

मला बरं वाटलं. मी म्हणालो, ‘मग झालं तर.’

‘नाही, पुढं ऐका ना. मी उठले, पायात चपला घातल्या, तर मागून म्हणाले, पण एकदा मुंजाभाऊला दाखव.’

तिनं मशीन माझ्यापुढं फडक्यावर ठेवलं. भिंग तिथंच होतं. चार स्क्रू, दोन मिनिटांचं काम. बुश बघितली असती, कागदावर ठेवून तेल तपासलं असतं, आणि ‘त्याचं बरोबर आहे’ असं सांगितलं असतं. तिनं ते त्याला जाऊन सांगितलं असतं. आणि तो म्हणाला असता, मुंजाभाऊ म्हणतो म्हणजे असंल.

मी मशीन उचललं आणि तिच्या हातात परत दिलं.

‘राजकुमारनं काही झालं नाही म्हटलंय ना? मग चालव.’

‘अहो पण तुम्ही बघितलंच नाही, काका.’

‘नाही बघत,’ मी म्हणालो. ‘त्यालाही असंच सांग. मुंजाभाऊनं बघितलं नाही म्हणावं.’